उकिरडा, पाणी आणि गांडूळ : हदगाव परिसरातील द्रवखताचा पूर्वेतिहास
पैनगंगेच्या दक्षिणेस असलेला हदगाव तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि नदीपलीकडे इंग्रजी कारभाराखालचा वऱ्हाड सुरू होत असे. तथापि दोन्ही तीरांवरच्या काळ्या, बहुतांशी कोरडवाहू रानांत खताची रीत सारखीच होती. गोठ्यातील शेण, गव्हाणीतला उष्टा कडबा आणि चुलीतली राख वर्षभर उकिरड्यावर साठे आणि मृगापूर्वी बैलगाडीने शेतात जाऊन पडे. या व्यवस्थेत पातळ खताला जागा नव्हती, कारण ते द्यायला पाणी लागते आणि पाणी मोटेखालच्या तुकड्यापुरते किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेल्या अळू-केळीपुरतेच असे. परिणामी खताचा सकस अंश हातातून जाई : शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात, गोमूत्र गोठ्याच्या भुईत मुरे आणि उघड्या उकिरड्यातील विद्राव्य द्रव्ये पावसाबरोबर ओढ्याला लागत. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवरील १८९३ च्या अहवालात शेण जाळले जाणे आणि मूत्र वाया जाणे या दोन्ही गोष्टींची दखल घेतली होती.

पातळ खताची कल्पना मात्र जुनीच आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात ‘कुणपजल’ सांगितले असून, प्राण्यांचे मांस व मज्जा पाण्यात शिजवून, त्यात तिळाची पेंड, भिजवलेले उडीद, दूध, मध इत्यादी घालून आंबवलेले ते द्रवखत होय. ऑक्सफर्ड येथील हस्तलिखितावरून नलिनी साधले यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादहून प्रसिद्ध झाले. कुणपजलाचा हा खर्चिक खटाटोप बागेतील झाडांसाठीच शक्य होता. विसाव्या शतकात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ च्या पुस्तकात मांडलेल्या इंदूर पद्धतीत गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती काडीकचरा, शेण आणि राख यांच्या थरांत मिसळली जाई, म्हणजे वाया जाणारा द्रव अंश घन खतात अडकवला जाई.

गांडुळांच्या जमीन घडवण्याच्या कार्याचे सविस्तर वर्णन चार्ल्स डार्विनने १८८१ मध्येच केले होते. महाराष्ट्रात गांडूळखताच्या प्रसारासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील उदय भवाळकर यांनी मोठे काम केले. त्याच सुमारास कोल्हापूरच्या मोहन शंकर देशपांडे यांच्या ‘ऋषि-कृषी’तील अमृतपाणी आणि विदर्भातील सुभाष पाळेकर यांचे जीवामृत ही आंबवलेली द्रवखते रूढ झाली. जीवामृतात २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती कालवतात. पाळेकरांनी गांडूळखतासाठी पाळल्या जाणाऱ्या ‘आयसेनिया फेटिडा’ या परदेशी जातीला ठाम विरोध केला. ही जात वरच्या कुजक्या थरातच राहते आणि देशी गांडुळांप्रमाणे खोल बिळे करून जमीन भुसभुशीत करत नाही, हा त्यामागचा एक मुद्दा होय.

गांडुळांपासून मिळणारी द्रवखते दोन प्रकारची असतात. विटांचे तुकडे, वाळू, माती आणि शेण यांच्या थरांत गांडुळे सोडलेल्या पिंपावर थेंबथेंब पाणी सोडून तळाच्या तोटीतून जमवलेले तपकिरी पाणी म्हणजे व्हर्मीवॉश. तयार गांडूळखताची पुरचुंडी पाण्यात टांगून, थोडा गूळ घालून, माशांच्या टाकीच्या पंपाने सुमारे दिवसभर हवा खेळवून काढलेला अर्क हा दुसरा प्रकार असून, त्यात विद्राव्य अन्नद्रव्यांबरोबर हवेत वाढणारे जिवाणूही उतरतात. हवा बंद झाली की हे जिवाणू गुदमरतात, म्हणून अर्क गाळून काही तासांतच आळ्यात ओतावा लागतो. मातीचा वास जाऊन कुजका दर्प येऊ लागल्यास तो फेकून देणे इष्ट, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर तो फवारू नये.

इसापूर धरणाचे कालवे, विहिरी व कूपनलिका आणि ठिबक यांमुळे हदगाव परिसरात केळी व हळदीची बागायत उभी राहिली, तेव्हा पातळ खतासाठी लागणारे पाणीही जागेवर आले. तरीही वैशाखात गांडुळांचा वाफा सावलीत आणि ओला ठेवावाच लागतो, आणि अर्कातून मिळणारे अन्नद्रव्य गाडीभर शेणखताच्या तुलनेत अल्पच असते. त्यामुळे परसबाग, रोपवाटिका आणि ठिबकवरची बाग हेच या अर्काचे क्षेत्र ठरते; कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या रानाला आजही चांगले कुजलेले शेणखतच हवे, आणि त्यासाठी उकिरडा झाकून ठेवणे हे पहिले काम आहे.