औंध ४१५५१० आणि पुढचे पत्ते

औंध नावाची दोन ठिकाणं पत्रांत सतत गल्लत करणारी. एक पुण्याचं उपनगर, दुसरं सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाई देवीचं आणि पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचं. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला आणि गोंधळ सहा आकड्यांत मिटला: पुण्याचं ४११००७, साताऱ्याचं ४१५५१०. योजना टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पूर्वी याच औंध संस्थानातली आटपाडी आज सांगली जिल्ह्यात मोडते, पिन मात्र ४१५३०१. टपालाने तिला साताऱ्याच्याच थैलीत ठेवलं.

पिन लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला, पण कुणाचं अडलं नाही. आकडे नसलेलं पत्रही उशिरा का होईना पोचायचं.

इंटरनेटलाही नवा पत्ता आला, पण त्याचं घोडं नेमकं या जुन्या-नव्याच्या मेळावर अडलं.

जुना पत्ता, आयपीव्ही-४, १९८१चा. ३२ बिटांत सुमारे ४३० कोटी पत्ते. तेव्हा ते अफाटच वाटले असणार. १९९८मध्ये १२८ बिटांचा आयपीव्ही-६ ठरला, पण त्याची जुन्याशी थेट बोलचाल नाही. म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने दोन्ही सांभाळायचे, जुनी यंत्रं बदलायची, आणि ग्राहक त्यापोटी छदामही जास्त देणार नाही. २०११च्या फेब्रुवारीत जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला, तरी बहुतेकांनी पळवाट काढली: अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता. यालाच सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर तुम्हीही त्याच वाटणीत आहात. मग घरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बाहेरून थेट जोडणं विसरा.

सरकारने घाई केली नाही असं नाही. वायरवरून येणाऱ्या नव्या घरगुती इंटरनेट जोडण्या आयपीव्ही-६ला तयार हव्यात, यासाठी दूरसंचार विभागाने आधी २०१४ची मुदत दिली. ती सरकत सरकत २०२२अखेरपर्यंत गेली.

खरा धक्का दिला तो गरजेने. २०१६मध्ये जिओ उतरली तेव्हा आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडच्या अखेरच्या साठ्यातून एका सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ जुने पत्ते मिळत. कोट्यवधी फोन त्यात कसे बसवणार? जिओने नवा पत्ताच धरला, आणि या बाबतीत भारत जगाच्या पुढच्या रांगेत गेला. म्हणून आज खिशातल्या जिओच्या फोनला २४०९ने सुरू होणारा नवा पत्ता असतो, आणि त्याच घरातलं केबलवाल्याचं ब्रॉडबँड अजून जुन्यावर चालू शकतं.

नवी जोडणी घेताना वेग किती एमबीपीएस हे तर विचारताच; तेव्हा आयपीव्ही-६ मिळतो का, हेही विचारा.