फॉर्म पाचचा कोरा रकाना

फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. फोटो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले, मीम्स झाले आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः येऊन पाहून गेले. जानेवारी 2014 मध्ये इथेच हिरवट पाऊस पडला होता. डोंबिवलीकर रंगांवर हसतो, कारण रोज नाक दाबून चालण्यापेक्षा ते सोपं आहे.

मला त्या रस्त्याबद्दल वेगळाच प्रश्न पडला होता. रंगाची भुकटी काही आकाशातून येत नाही. कुठल्या तरी गोदामात ती पोत्यांत येते, किलोवर मोजली जाते आणि तिचं बिल बनतं. मग त्यातली किती कापडाला लागली, किती पाण्यात गेली आणि किती रस्त्यावर सांडली, हे त्या कारखान्यात कोणी लिहून ठेवतं का?

कागदोपत्री याचं उत्तर ‘हो’ आहे, आणि तेही गेली तीसेक वर्षं.

थोडं मागे जाऊ. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची अगदी सुरुवातीची वसाहत, आणि त्याच दशकात डोंबिवलीही आली. मुंबई जवळ, रेल्वे दारात, कामगार चाळीत आणि पाणी हाकेच्या अंतरावर. प्लॉट छोटे होते, त्यामुळे मालकही छोटे. अनेक जण नोकरी सोडून आलेले केमिस्ट किंवा इंजिनिअर. आपल्याकडे ‘मराठी माणूस धंदा करत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी त्या काळातली एमआयडीसी पाहायला हवी होती. पहिल्या टप्प्यात कापड रंगवणारे कारखाने बरेच, दुसऱ्यात रसायनांचे.

यात एक क्रम लक्षात घ्या. कारखाने आधी आले, कायदा नंतर. राज्याचा जलप्रदूषणाचा कायदा 1969 चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ 7 सप्टेंबर 1970 चं आणि केंद्राचा जल कायदा 1974 चा. म्हणजे नाल्याला सांडपाण्याची सवय लागल्यावर नाल्याचे नियम आले. पुढे 1984 मध्ये भोपाळ घडलं आणि 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. या कायद्याच्या नियमांत 13 मार्च 1992 रोजी एक छोटी भर पडली. आपली गोष्ट खरी तिथे सुरू होते.

ज्या कारखान्याला जल किंवा वायू कायद्याखाली संमती लागते, किंवा घातक कचऱ्यासाठी अधिकारपत्र लागतं, त्याने दरवर्षी मंडळाला एक अहवाल द्यायचा. त्याचा नमुना म्हणजे फॉर्म पाच. सुरुवातीला त्याचं नाव ‘पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल’ होतं. वर्षभरातच, एप्रिल 1993 मध्ये, ‘लेखापरीक्षण’ हा शब्द काढला आणि ‘विवरणपत्र’ केला. शब्द एकच बदलला, पण अर्थ पार फिरला. परीक्षण दुसरा कोणी करतो, विवरण आपलं आपण देतो.

तरी फॉर्म पाच वाचायला घ्या. सरकारी कागद इतका शहाणा क्वचित असतो. एक नग किंवा एक किलो माल बनवायला किती पाणी लागलं? गेल्या वर्षी किती, यंदा किती? कुठला कच्चा माल किती गेला? घातक कचरा किती निघाला, त्याचं काय केलं? आणि भाग ‘जी’ मधला प्रश्न तर कमालीचा आहे: प्रदूषण रोखण्याच्या उपायांमुळे नैसर्गिक साधनांची किती बचत झाली, आणि त्याचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला?

हा प्रश्न मालकाच्या खिशाशी बोलतो. गटारात गेलेला रंग हा तुम्ही पैसे देऊन आणलेला रंग आहे, हे तो सांगतो.

जगातही तेव्हा हेच वारं वाहत होतं. 1992 मध्ये ब्रिटनने बीएस 7750 हे मानक काढलं, 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ 14001 आलं. कंपनीच्या गेटवर ज्याचा बोर्ड दिसतो, तेच. त्याबद्दल एक गैरसमज आहे. आयएसओ 14001 म्हणजे ‘ही कंपनी स्वच्छ आहे’ असा दाखला नाही. किती प्रदूषण चालेल याचा एकही आकडा त्यात नाही. तुमच्या कामाने पर्यावरणावर काय परिणाम होतो ते शोधा, लागू असलेले कायदे पाळा, उद्दिष्ट ठरवा, जबाबदारी कोणाची ते लिहा, मोजा, चुकलं तर दुरुस्त करा, एवढंच ते म्हणतं. ही शिस्त आहे, निकाल नाही.

मोठ्या कंपनीत या कामाला एक विभाग असतो. छोट्या कारखान्यात मालक सकाळी खरेदी पाहतो, दुपारी बँकेत जातो आणि संध्याकाळी बॉयलर का बंद पडला ते बघतो. पर्यावरण विभाग म्हणजे तोच, किंवा फोनवरचा कन्सल्टंट. मग फाइल बाहेर तयार होते, गेल्या वर्षीच्या आकड्यांवर यंदाची तारीख पडते आणि भाग ‘जी’ कोरा राहतो किंवा तिथे ‘लागू नाही’ लिहिलं जातं. सगळे असंच करतात असं मी म्हणणार नाही. पण या व्यवस्थेला तो मोह नेहमीच आहे.

त्या फाइलऐवजी खरं काम करायचं तर सुरुवात फार साधी असते. प्रत्येक यंत्रावर पाण्याचं मीटर. आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी यांचा ताळेबंद. रंगाचा दाट बाथ आणि शेवटच्या धुण्याचं फिकं पाणी एकाच नळीत न सोडणं, कारण फिकं पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला चालतं. 1993 च्या सुमारास राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने युनिडोबरोबर ‘डिझायर’ नावाचा प्रकल्प केला होता, कागद, कापड-रंगाई आणि कीटकनाशकांच्या छोट्या कारखान्यांत. कचरा जिथे बनतो तिथेच कमी केला तर छोट्याला परवडतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

डोंबिवलीत मात्र भर राहिला नळीच्या दुसऱ्या टोकावर. छोट्यांना स्वतंत्र प्रक्रिया परवडत नाही, म्हणून सामायिक सांडपाणी केंद्रं आली: कापडवाल्या पहिल्या टप्प्यासाठी रोज 16 दशलक्ष लिटरचं, रसायनांच्या दुसऱ्या टप्प्यासाठी 1.5 दशलक्ष लिटरचं. कल्पना वाईट नव्हती, पण अशा केंद्राचं पोट नाजूक असतं. घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना रोज साधारण सारखं जेवण लागतं. एका रात्री एकाने दाट आम्ल किंवा विषारी द्रावण चेंबरमध्ये सोडलं की जिवाणू मरतात, आणि सगळ्यांचं पाणी जेमतेम प्रक्रिया होऊन नाल्यात जातं. ते कोणी सोडलं? नळी सामायिक, त्यामुळे पापही सामायिक. प्रामाणिकपणे स्वतःची टाकी चालवणारा आणि रात्रीची वाट पाहणारा, दोघांची वर्गणी बुडते.

नोंद नसण्याची किंमत मग सगळ्यांकडून एकदम वसूल झाली. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात डोंबिवलीला 78.41 गुण मिळाले. देशातल्या 43 अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तिचा क्रमांक चौदावा होता, आणि जानेवारी 2010 मध्ये तिथल्या नव्या पर्यावरण मंजुऱ्या थांबल्या. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांसाठी हरित लवादाकडे दाद मागितली. जुलै 2015 मध्ये लवादाने सांडपाणी केंद्रं आणि स्थानिक संस्था यांच्यावर सुमारे 95 कोटींची भरपाई लादली. 2016 मध्ये शंभराहून जास्त कारखान्यांना बंदच्या नोटिसा गेल्या. त्यांत चांगले कोण होते हे ठरवायचं तर प्रत्येकाचा विश्वासार्ह आकडा हवा होता.

आणि मग स्फोट. 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत, 12 मृत्यू. 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समध्ये, पुन्हा दहाहून अधिक. हे सांडपाण्याचे अपघात नव्हते, हे मला कळतं. तरी कोणतं रसायन, किती साठा, कुठे ठेवलंय आणि जबाबदार कोण, हे प्रश्न त्याच वहीतले आहेत. दोन्ही वेळी चर्चा झाली ती कारखाने हलवण्याची. रहिवासी म्हणतात, कारखाने हलवा. कारखानदार म्हणतात, आम्ही आलो तेव्हा इथे माळरान होतं. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण हलवलेल्या कारखान्याबरोबर त्याची कोरी वहीही नव्या गावात जाते, आणि तिथेही एक नाला असतोच.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. आता नोंदणीकृत परीक्षक असतील, आणि कोणत्या कारखान्याला कोणता परीक्षक हे कारखान्याने ठरवायचं नाही, निवड यादृच्छिक असेल. 1993 मध्ये खोडलेला शब्द 32 वर्षांनी परत आलाय. तो परीक्षक डोंबिवलीतल्या एखाद्या प्लॉटवर पोहोचला की आधी ऑफिसातली फाइल मागतो की मागच्या बाजूला जाऊन चेंबरचं झाकण उघडायला लावतो, हे बघायचं.