म्यानातली तलवार

श्रद्धेचा अपमान झाला असे वाटले की माणसाने काय करावे?

१९८८ साली मार्टिन स्कोर्सेसी यांचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ हा चित्रपट आला. क्रुसावरच्या येशूला आपण संसार थाटल्याचा भास होतो, असे त्यात आहे. अनेक ख्रिस्ती लोक दुखावले. ते साहजिकच होते.

अमेरिकेतले धर्मप्रचारक बिल ब्राइट युनिव्हर्सल कंपनीला म्हणाले, खर्च भरून देतो, सगळ्या प्रती नष्ट करायला आमच्या हवाली करा. कंपनीने नकार दिला. हजारोंनी तिच्या दारात निदर्शने केली. तो त्यांचा हक्कच होता. पण २२ ऑक्टोबरच्या रात्री पॅरिसमध्ये कट्टर कॅथलिकांच्या एका गटाने सां-मिशेल चित्रपटगृहाला आग लावली. १३ प्रेक्षक जखमी झाले. चित्रपटावर टीका करणाऱ्या कार्डिनल लुस्टिजेर यांनीच या हल्ल्याचा निषेध केला.

येशूला धरायला लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली. येशूने ती म्यानात घालायला लावली आणि जखमी शत्रूचा कान बरा केला. मला वाटते, उत्तर तिथेच आहे. चित्रपट पाहू नये, किंवा पाहून काय खटकले ते शेजाऱ्याला शांतपणे सांगावे. भाजलेल्या माणसाला मग येशूची करुणा कोणत्या तोंडाने सांगणार?