सिगारसोबत काय? बंगळुरूचं उत्तर

बंगळुरूच्या राजाजीनगरला नाव आहे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं; म्हणजे गांधीजींच्या व्याह्यांचं आणि दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्याचं. मद्रास प्रांताचा कारभार हाती आल्यावर १९३७ मध्ये त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली आणि बुडालेलं उत्पन्न भरून काढायला १९३९ मध्ये विक्रीकर लावला. (किराणाच्या बिलावरच्या कराच्या वंशवेलीत दारूबंदी आहे, ही गंमत लक्षात ठेवा.) आणि याच राजाजीनगरात अमृत डिस्टिलरीज या व्हिस्की बनवणाऱ्या कंपनीचं कार्यालय आहे! तेव्हा सिगारसोबत काय प्यावं, या प्रश्नाचा इतिहास सांगायला मला तरी याहून चांगली जागा दिसत नाही.

आधी सिगार. दक्षिणेला त्यासाठी क्यूबाकडे बघायची गरज नव्हती. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलला चिरूट वळले जात. 'चिरूट' हा शब्दच तमिळ 'शुरुट्टु'वरून आलेला, अर्थ, गुंडाळलेलं. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत, १८८७ साली, होम्स राखेवरून जो सिगार ओळखतो, तो त्रिचनापल्लीचाच.

आता पेय. १८९६ च्या ऑक्टोबरात तरुण चर्चिल मुंबईला आला, ससून डॉकवर उतरतानाच त्याचा खांदा निखळला, आणि पुण्याच्या छावणीत थांबून तो आपल्या पलटणीबरोबर बंगळुरूला पोहोचला. इथे त्यानं गुलाब लावले, फुलपाखरं जमवली, पुस्तकांचा फडशा पाडला. बंगळुरू क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावरची १३ रुपयांची बुडीत उधारी आजही दाखवतात. आदल्याच वर्षी तो क्यूबाला जाऊन आला होता, त्यामुळे सिगार ओळखीचा होता. व्हिस्की मात्र त्याला अजिबात सोसत नव्हती. १८९७ मध्ये तो वायव्य सरहद्दीवर मलकंदच्या मोहिमेवर गेला. तिथल्या उकाड्यात चहा सोडला तर पर्याय तीनच: नुसतं कोमट पाणी, कोमट पाण्यात लिंबाचा रस, नाहीतर कोमट पाण्यात व्हिस्की. १९३० च्या आत्मचरित्रात त्यानं हे स्वतःच लिहिलंय. काही दिवस नाक दाबून प्यायला आणि सवय जडली. पुढे जगभर गाजलेली ती जोडी, हातात सिगार आणि शेजारी पातळ व्हिस्की, जिभेनं नाही, कोमट पाण्यानं जुळवली. पातळ असण्यालाही कारण आहे. मोठा सिगार तासभर चालतो. तेवढा वेळ पुरणारं पेय कडक असून कसं चालेल?

तेव्हाची व्हिस्की अर्थातच बोटीनं यायची. ही वाट उलटी फिरायला शंभरावर वर्षं लागली. १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी बंगळुरूत अमृत सुरू केली. (जगदाळे आडनाव ऐकून तुमचे कान टवकारले असणार!) आपल्याकडची बहुतेक व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची, युरोपात तिला व्हिस्की म्हणायलाच मनाई, तिथे धान्य लागतं. अमृतनं सातूची सिंगल माल्ट बनवली आणि २००४ मध्ये ती बाजारात आणली कुठे, तर थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. याला मी धाडसच म्हणेन. भारतीय व्हिस्कीला तिथे कोण विचारणार होतं? पण पुढे 'अमृत फ्यूजन' ला जिम मरे यांच्या २०१० च्या व्हिस्की बायबलमध्ये जगात तिसरा क्रमांक मिळाला.

गंमत अशी की इथेही निकाल लावला तो उष्म्यानंच. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत १० ते १२. मालकाला हा तोटाच. पण लाकडाचा गुण झपाट्यानं उतरतो आणि चार-पाच वर्षांत माल तयार होतो.

मग चिरुटासोबत काय? फ्यूजनमध्ये धुरावलेला स्कॉटिश सातू असतो. त्यावर दिंडिगुलचा काळा, उग्र चिरूट ओढला तर दोन धूर एकमेकांशी भांडतात. साधी माल्ट भरपूर पाणी घालून, किंवा गुळाच्या अंगाची रम, जास्त शोभेल. माझं मत विचाराल तर फिल्टर कॉफी, तीही बंगळुरूच्या पद्धतीनं 'बाय-टू'. धुरानं कोरडी पडलेली जीभ दूध आणि चिकोरी बरोबर सावरतात, आणि राजाजींचीही हरकत नसावी. शिवाय तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. चर्चिल नव्वदीपर्यंत जगला, हा काही पुरावा नव्हे.

कायद्यानं तर ही जोडी जवळजवळ मोडलीच आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. मोठ्या हॉटेलांना वेगळी खोली ठेवायची मुभा राहिली. पण २०१७ च्या दुरुस्तीनं त्या खोलीत काहीही वाढायला मनाई केली. म्हणजे आज राजाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात गेलात, तर ग्लास एका खोलीत आणि सिगार दुसऱ्या.