व्यायामानंतरची भूक : एका अपराधी भावनेचा इतिहास

सकाळी पाच किलोमीटर पळून आलात. एरवी दोन पोळ्या खाता, आज चार खाल्ल्या. चौथी संपत असतानाच मनात आलं, "झालं! केलेला सगळा व्यायाम पाण्यात गेला." हे वाक्य तुम्ही स्वतःशी कधीतरी म्हटलं असेल, नाहीतर मैत्रिणीच्या, भावाच्या तोंडून ऐकलं असेल.

आज या एका वाक्यावर थोडं काम करू. इतिहासात संशोधन करू पाहणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो : विषय सापडतो कुठे? लढाया, राजे, संस्था यांच्यावर तर ढीगभर लिहून झालंय. माझं म्हणणं असं की विषय कित्येकदा आपल्या अशा रोजच्या वाक्यांत दडलेला असतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. वस्तुस्थिती तीच राहते, पण तिचा अर्थ मात्र काळानुसार बदलतो, असं जिथे दिसेल तिथे थांबायचं.

इथली वस्तुस्थिती कोणती? कष्ट केले की भूक वाढते. हे शेतात राबणाऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि अर्थ कोणता? ही वाढलेली भूक म्हणजे आपला कमकुवतपणा, ती भागवली तर आपण काहीतरी चूक केली. हा अर्थ मात्र फार जुना नाही. तो कसा घडला, ते काही टप्प्यांत पाहू.

कैद्याची भूक

आज जिममध्ये ज्या यंत्रावर आपण पळतो, त्या ट्रेडमिलचं नाव तुरुंगातून आलंय. १८१८ च्या सुमाराला विल्यम क्युबिट या इंग्लिश अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक बनवलं. कैद्यांनी तासन् तास त्याच्या पायऱ्या चढत राहायचं. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे पाणी उपसलं जाई, आणि कुठे तर काहीच नाही. नुसतं चाक फिरे. शिक्षा म्हणजे तेच.

१८५० च्या दशकात लंडनमधले एक डॉक्टर, एडवर्ड स्मिथ, या चाकाच्या मागे लागले. ते स्वतः त्यावर चढले आणि उच्छ्वासातून किती कर्बवायू बाहेर पडतो ते मोजलं. त्यांना दिसलं की या श्रमाने शरीराची झीज भयंकर होते, आणि तुरुंगाचा शिधा ठरवताना तिचा विचारच झालेला नाही.

इथे हिशेबाची दिशा बघा. आधी श्रम मोजले, मग प्रश्न विचारला की या श्रमाला पुरेसं अन्न मिळतंय का. कैद्याला जास्त भूक का लागते म्हणून कुणी त्याला दोष दिला नाही. दोष होता तो कमी शिधा देणाऱ्या व्यवस्थेचा.

दुष्काळी कामावरची भूक

हाच प्रश्न वीसेक वर्षांनी आपल्याकडे आला, आणि फार क्रूर रूपात आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडणं, रस्ते, तलाव खोदणं अशी ती कामं. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी मजुरी खाली आणली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडायची ती एवढ्यावर.

मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. कष्ट करणारं शरीर एवढ्यावर तगणार नाही, असं त्यांनी तुरुंगातल्या शिध्याचे दाखले देत मांडलं. इकडे मुंबई इलाख्यात पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज पाठवत होती. मजुरी कमी झाल्यावर हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. मजुरांचा हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. पुढे मद्रासमध्ये सरकारला मजुरी थोडी वाढवावी लागली.

तुम्ही ही कागदपत्रं वाचाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. जास्त खाणाऱ्याकडे संशयाने बघणं इथे दिसतं. लोकांना आयतं खायची सवय लागेल, गरज नसलेलेही कामावर येतील, अशी अधिकाऱ्यांना धास्ती होती. पण हा संशय वरून खाली, सरकारकडून मजुराकडे जात होता. मजुराला स्वतःला आपल्या भुकेची लाज वाटत नव्हती. त्याच्या लेखी वाढलेली भूक हा कामाचा हक्क होता. म्हणून तर तो काम सोडून गेला.

उष्मांक आला, पण कशासाठी?

आता अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या चौथ्या पोळीचा हिशेब ज्या एककात होतो ते सर्वसामान्यांपर्यंत तिथून पोचलं. १८९० च्या दशकात विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने कनेटिकटमधल्या वेस्लेयन विद्यापीठात एक बंदिस्त खोली उभारली. आत माणूस राहायचा, खायचा, झोपायचा, कधी जागेवरच्या सायकलवर पायडल मारायचा. त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता बाहेरून मोजली जायची. कुठलं अन्न किती उष्मांक देतं याचे ॲटवॉटरने बसवलेले आकडे आजही पाकिटांवरच्या तक्त्यांच्या मुळाशी आहेत.

पण हे कशासाठी चाललं होतं? बारीक होण्यासाठी नव्हे. कामगाराला कमी पैशात जास्तीत जास्त पोषण कसं मिळेल, ही ॲटवॉटरची चिंता होती. मध्यम श्रमाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण साडेतीन हजार उष्मांक हवेत, असं ते सांगत. आज हा आकडा एखाद्या ॲपमध्ये घातला तर लाल रंगात दिसेल! म्हणजे उष्मांक जन्माला आला तो पोट भरण्याचं माप म्हणून.

माप उलटं फिरलं

१९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचं उष्मांक मोजून वजन कमी करण्याचं पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. वाचक मुख्यतः मध्यमवर्गीय स्त्रिया. काळ पहिल्या महायुद्धाचा. अन्नाची टंचाई असताना अंगावर चरबी साठवणं म्हणजे साठेबाजीच, असा त्या पुस्तकाचा विनोदी, पण बोचरा सूर होता. देशभक्ती, आत्मसंयम आणि वजनकाटा एका ओळीत येऊन बसले. मजुरासाठी बनवलेलं माप आता ज्यांना अन्नाची ददात नव्हती त्यांच्या हाती आलं आणि उलट्या दिशेने वापरलं जाऊ लागलं.

पुढचं पाऊल १९३० च्या सुमाराला. मिशिगन विद्यापीठातले डॉ. लुई न्यूबर्ग यांनी मांडलं की लठ्ठपणाचं मूळ बिघडलेल्या भुकेत आहे. शिवाय व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, असंही ते सांगत, कारण थोडंसं वजन घटवायलाही मैलोन् मैल चालावं लागतं. व्यायामाने भूक वाढते, मग उपयोग काय, हा युक्तिवादही याच काळात रुळला. इथे आपलं सुरुवातीचं वाक्य ऐकू येतं की नाही? केलेला व्यायाम खाण्याने पाण्यात गेला! स्मिथच्या कैद्याच्या बाबतीत जी भूक व्यवस्थेविरुद्धचा पुरावा होती, ती आता माणसाविरुद्धचा पुरावा झाली.

बंगालची ताग गिरणी

या मताला उत्तर मिळालं ते हिंदुस्थानातल्या कामगारांकडून. १९५६ मध्ये हार्वर्डचे ज्यां मेयर आणि त्यांचे भारतीय सहकारी रॉय व मित्रा यांनी कलकत्त्याजवळच्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कारकून होते, दुकानदार होते, आणि गाठी वाहणारे, कोळसा ओढणारे कामगारही होते. मध्यम ते जड काम करणाऱ्यांमध्ये श्रम वाढले तसं खाणं वाढलेलं दिसलं, पण वजनं वाढलेली नव्हती. उलट बैठं काम करणारे श्रम कमी असूनही कमी खात नव्हते, आणि वजनं त्यांचीच जास्त होती. मेयर यांनी अर्थ काढला की वाढलेल्या श्रमाबरोबर वाढणारी भूक हे शरीराचं नियमन नीट चालू असल्याचं लक्षण आहे.

पण थांबा. संशोधक म्हणून लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. हा अभ्यास एकाच काळात वेगवेगळ्या माणसांकडे पाहतो. कारकुनाला कोळसा ओढायला लावून त्याची भूक किती वाढते, हे कुणी बघितलं नाही. कारकून आणि हमाल यांच्यात फक्त श्रमाचा फरक असतो का? पगार, जात, घरचं जेवण, लहानपणी मिळालेलं अन्न, सगळंच वेगळं. मेयर स्वतः व्यायामाचे मोठे पुरस्कर्ते होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्यामुळे हा अभ्यास उत्तम साधन आहे, पण शेवटचा शब्द नव्हे.

शास्त्र पुढेही बदलत राहिलं. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांची ऊर्जा मोजली. शरीराचा आकार जमेस धरल्यावर, दिवसभर चालणाऱ्या त्या लोकांचा एकूण दैनंदिन खर्च पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा वेगळा निघाला नाही. म्हणजे यंत्राच्या पडद्यावर "३०० उष्मांक खर्च" असं दिसलं, म्हणून शरीराच्या वहीतही तेवढेच वजा झाले, असं नसतं. ज्या हिशेबावर आपण अपराधी ठरतो, तो हिशेबच कच्चा आहे.

खुराक आणि डाएट

आता मराठीकडे या. आपल्याकडे श्रम आणि खाणं यांना जोडणारा एक जुना शब्द आहे, खुराक. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका जेवढ्या मोजायच्या, तेवढंच दूध, तूप, बदाम मोजायचे. शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, त्यात खुराकाची सोयही आलीच. खुराक कमी पडला तर लाज पैलवानाने नव्हे, पोसणाऱ्याने बाळगायची. याच्या शेजारी "डाएट" हा शब्द ठेवा. त्यात कमी खाणाऱ्याचं कौतुक असतं, आणि सगळी जबाबदारी एकट्या खाणाऱ्यावर असते. दोन शब्दांमध्ये दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या आहेत.

मात्र खुराकाचं गोडवं गायचं नाही. तो कुणाला मिळत होता? पहाटे जात्यावर दळणाऱ्या, विहिरीवरून घागरी आणणाऱ्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या श्रमांना कुणी व्यायाम म्हटलं नाही, आणि तिच्या वाढलेल्या भुकेला खुराक म्हटलं नाही. टेंपलच्या दुष्काळी तक्त्यात निदान तिच्यासाठी एक रकाना होता, पुरुषापेक्षा कमी मजुरीचा का होईना. घरातल्या वहीत तोही नाही. आज व्यायाम करून आलेली मुलगी चौथी पोळी वाढून घेताना आजूबाजूला बघते, तेव्हा तिच्या मनात पीटर्सबाईंचं पुस्तक आणि आजीचं शेवटी जेवणं, दोन्ही वारसे एकत्र आले असण्याची शक्यता मला वाटते. हे अजून सिद्ध करायचं आहे. कुणाला तरी प्रबंधाचा विषय हवा होता ना?

तो करायचा झाला तर काय विचाराल? माप कुणी केलं, कुणाचं केलं, आणि हिशेब चुकला तर दोषी कोण ठरलं, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा. तुरुंगाचे अहवाल, दुष्काळाची कागदपत्रं, जुन्या मासिकांतल्या आरोग्याच्या सदरांपासून आजच्या जिमच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे ते चालतात.

एक गोष्ट मात्र इतिहासाच्या बाहेरची. खाल्ल्याची टोचणी एवढी वाढली असेल की शिक्षा म्हणून व्यायाम होतोय, जेवणं टाळली जातायत किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकलं जातंय, तर लेख वाचून ते थांबणार नाही. अशा वेळी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचा अभ्यास : घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "तुझ्या तरुणपणी जास्त काम पडलं की जास्त खायला मिळायचं का? आणि खाताना काय वाटायचं?" उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवा. एका मुलाखतीने प्रबंध होत नाही. पण कुठल्या दप्तरात सापडणार नाही असं एक साधन तरी तुमच्या हाती असेल.