खोलीभाडे मर्यादा

खोलीभाडे मर्यादा : रुग्णालयातील खोलीच्या रोजच्या भाड्यापोटी विमा कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल, हे ठरवणारी आरोग्य विमा पॉलिसीतील अट. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींत ती सहसा विमा रकमेच्या १ टक्का, तर अतिदक्षता विभागासाठी २ टक्के असे. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ती २ टक्के आहे, पण रोज ५,००० रुपयांच्या वर नाही.

अट भाड्यापुरती वाटते. खरा फटका बसतो तो प्रमाणशीर कपातीने. अनेक खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की त्याच शस्त्रक्रियेचे, त्याच भूलतज्ज्ञाचे आणि शुश्रूषेचे दरही चढतात. म्हणून मर्यादेबाहेरची खोली घेतल्यास कंपनी हे सगळे खर्च त्याच प्रमाणात कापते. समजा, विमा ३ लाखांचा आहे, मर्यादा रोज ३,००० रुपये, आणि रुग्ण सहा दिवस ६,००० रुपयांच्या खोलीत राहिला. भाडे ३६,०००, शस्त्रक्रिया, डॉक्टर व शुश्रूषा १,६०,०००, औषधे, इम्प्लांट व तपासण्या ७०,०००. एकूण बिल २,६६,०००. भाडे आणि शस्त्रक्रियेचा गट निम्म्यावर येतो, औषधांचा गट पूर्ण मिळतो. कंपनी १,६८,००० देते, घरच्यांना ९८,००० भरावे लागतात. भाड्यातला जादा भाग फक्त १८,००० होता. आजार जितका गंभीर, तितका कापला जाणारा आकडा मोठा. विम्याची गरज सर्वाधिक असते तिथेच ही अट सर्वाधिक बोचते.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये या कपातीला लगाम घातला. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा खर्च तिच्यातून वगळला. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांत ती लावण्यासही मनाई केली. बिलावर कपात दिसताच रुग्णालयाचे दरपत्रक मागावे ते यासाठी.

मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात, हप्ता अधिक पडतो. परवडत असेल तर तो द्यावा. अट असलेल्या पॉलिसीधारकाने भरती होतानाच, खोली ठरवण्याआधी, रुग्णालयाच्या विमा (टीपीए) कक्षात आपली मर्यादा विचारून घ्यावी. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. कपात अन्यायाची वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुण्यात आहेत. गोव्याच्या तक्रारी पुण्याकडे जातात. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.