झपाटलेला २ : बाहुला तोच, लक्ष्या नाही

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. गुंड तात्या विंचूचा आत्मा रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरतो, ही कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) घेतलेली, तिला अस्सल मराठी केले ते लक्ष्मीकांत बेर्डे यांनी. आपल्याच बाहुल्याला घाबरणारा हा शब्दभ्रमकार भीती आणि हसू एकाच चेहऱ्यावर आणत असे. बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. २०१३ चा ‘झपाटलेला २’ मूळ चित्रपटाची उंची गाठत नाही, त्याचे कारण हेच. त्रिमितीची नवलाई आहे, दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला विंचूही तसाच खुनशी. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे देखणे दिसतात. पण त्यांना घाबरलेले पाहून हसू फुटत नाही. बच्चेकंपनी मात्र दचकते.